दहादा लिहून घेतलं, तरी चूक तीच: इंग्रजीच्या तासाला काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. सहावीतल्या पोरीनं वहीत ‘शी गो टू मार्केट’ लिहिलं. गुरुजींनी लाल पेनानं ‘गोज’ केलं, वाक्य दहा वेळा लिहायला सांगितलं. पोरीनं लिहिलं, खाली सही झाली. चार दिवसांनी पुन्हा ‘माय ब्रदर गो टू फील्ड’. मग शेरा पडतो: ‘लक्ष देत नाही.’ हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. पोरं लक्ष देऊनही तीच चूक करतात, कारण सुधारलं जातं ते वाक्य. वाक्य जिथून आलं ती जागा तशीच राहते.

खालचं सगळं पाचवी ते आठवीच्या, विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वर्गाला धरून आहे. एका खोलीत कधी दोन इयत्ता, तीस-चाळीस पोरं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास. घरी वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया, यवतमाळात कोलामी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहावीतल्या पोरांचं हे सहावं वर्ष. एवढ्या वर्षांत जी चूक टिकली, ती दहा ओळींनी जाणार नाही.

दहा ओळी लिहिताना काय होतं ते पाहायचं असेल तर पोराच्या मागे जाऊन उभं राहा. पोरगं वाक्य लिहीतच नसतं. ते आधी वरून खाली दहा वेळा ‘शी’ लिहितं, मग शेजारी दहा वेळा ‘गोज’, मग दहा वेळा ‘टू’. शेतातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, रांगांसारखे उभे रकाने. दहा ओळी पूर्ण होतात आणि वाक्य एकदाही जुळवलेलं नसतं. लिहूनच घ्यायचं असेल तर पाच ओळी घ्या, पण प्रत्येक ओळीत माणूस बदला: आई, मामा, मी, बैलं, सरपंच. यात ‘एस’ न लागणारे किमान दोन हवेतच. नाहीतर पोरगं विचार न करता सगळीकडे ‘एस’ चिकटवतं आणि पुढच्या आठवड्यात ‘आय गोज’ सुरू होतं.

असाच उलटा परिणाम फळ्यावर होतो. चुकीचं वाक्य फळ्यावर लिहून त्यावर फुली मारली, खाली बरोबर लिहिलं, की मागच्या रांगेतली पोरं दोन्ही उतरवून घेतात, आणि फुली मात्र राहून जाते. चुकीचं वाक्य तोंडीच ठेवावं. फळ्यावर फक्त बरोबर.

आधी हे ठरवा: घसरलं की माहीतच नाही

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हा भेद मांडला आणि तो आजही पहिल्या तपासणीला पुरतो. एक असते घसरण: येतं, पण घाईत जीभ किंवा पेन घसरलं. दुसरी खरी चूक: पोराच्या डोक्यात जो नियम बसला आहे, त्या नियमाप्रमाणे ते वाक्य बरोबरच आहे.

ओळखायला एक मिनिट लागतं. पोरगं बोललं की कुठे चुकलं ते न सांगता, आवाज न चढवता म्हणा, ‘पुन्हा सांग.’ त्यानं स्वतःच दुरुस्त केलं तर घसरण. पुढे जा, त्यावर एक मिनिटही घालवू नका. तेच वाक्य तसंच ठामपणे परत आलं तर चूक. कधी पोरगं बरोबर शब्द सोडून भलताच शब्द बदलतं. ‘आय गो यस्टरडे’चं ‘आय गो टुमारो’ करतं. म्हणजे चुकीची जागा कुठे आहे हेही त्याला ठाऊक नाही. यात अडचण एकच: बऱ्याच वर्गांत ‘पुन्हा सांग’ म्हणजे ‘चुकलास’ असाच अर्थ पोरांनी घेतलेला असतो. म्हणून बरोबर वाक्यालाही अधूनमधून ‘पुन्हा सांग’ म्हणायची सवय ठेवा. नाहीतर ही चाचणी काही दिवसांत निकामी होते.

दुसरी गोष्ट, चुकांची एक वही. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरते. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. रकाने चार: तारीख, पोराच्या नावाचं पहिलं अक्षर, जसंच्या तसं वाक्य, आणि त्याला काय म्हणायचं होतं. हा चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो पोराला त्याच्याच बोलीत विचारून भरायचा: ‘तुले काय म्हणाचं होतं?’ उत्तर ‘मी जाऊन राह्यलो’ असं आलं की ‘मी जातो’ असं, यावर उपाय पूर्ण बदलतो. दोन आठवड्यांत तीस-चाळीस वाक्यं जमली की वरचेवर दिसणारे प्रकार फार नसतात असं लक्षात येईल. त्यातले दोनच निवडायचे.

ही वही जुलैच्या मध्याआधी सुरू करू नका. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, आणि उन्हाळाभर इंग्रजीचा एक शब्द कानावर न पडलेली पोरं पहिले पंधरा दिवस सगळंच चुकवतात. तेव्हाच्या चुकांवरून निदान केलं तर तेच चुकतं.

‘आय ॲम गो टू स्कूल’

इथे थोडं थांबू, कारण ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात भेटते आणि तिचं कारण पोरात नाही, शिकवण्याच्या क्रमात आहे.

पहिली-दुसरीत पोरगं काय शिकतं? ‘आय ॲम सोनू. आय ॲम अ बॉय. आय ॲम इन फर्स्ट स्टँडर्ड.’ दोन वर्षं ‘आय’च्या मागे ‘ॲम’ आलंच. पोराच्या दृष्टीनं ‘आयॲम’ हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘मी’. तपासायचं तर नुसतं विचारा: ‘मी’ला इंग्रजीत काय म्हणतात? उत्तर ‘आय ॲम’ आलं तर निदान पक्कं. आता या पोराला ‘ॲम काढ’ असं सांगणं म्हणजे अर्धा शब्द काढ असं सांगणं. ते आज काढेल, उद्या परत लावेल.

उपाय चिठ्ठ्यांचा. जुन्या लग्नपत्रिका कापून वीस चिठ्ठ्या करा. दहांवर क्रिया नसलेलं: हंगरी, टॉल, अ गर्ल, इन द क्लास, अंडर द ट्री असं. दहांवर क्रिया: ईट, प्ले, रीड, स्वीप, गो. पोरगं चिठ्ठी उचलतं आणि पहिल्या प्रकाराला ‘आय ॲम हंगरी’, दुसऱ्याला ‘आय ईट’ म्हणतं. रोज पाच मिनिटं, आठ दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आय हंगरी’ ऐकू येईल. घाबरू नका. याचा अर्थ जोडशब्द फुटला आहे, पोरगं आता ‘ॲम’ कुठे ठेवायचं ते शोधतं आहे. तेव्हाच थांबलात तर मात्र अर्धवट राहील.

आठ दिवसांनी तिसऱ्या प्रकारच्या दहा चिठ्ठ्या मिसळा: ईटिंग, प्लेइंग, गोइंग. ‘ॲम’ परत येतं, आणि गोंधळही परत येतो: ‘आय गोइंग’, ‘आय ॲम गो’. इथे विदर्भातल्या गुरुजींच्या हातात एक असं साधन आहे जे पुण्याच्या गुरुजींकडे नाही.

पुस्तकी मराठीत चालू वर्तमानकाळ ‘मी जात आहे’ असा शिकवतात. आपल्याकडचं पोरगं घरी असं बोलत नाही. त्याच्यासाठी ‘जात आहे’ हीच एक परकी भाषा, आणि तिच्यावरून तिसरी भाषा समजावणं म्हणजे दुप्पट ओझं. पण त्याच्या बोलीत हा भेद लख्ख आहे. ‘मी शाळेत जातो’ म्हणजे रोजचं. ‘मी शाळेत जाऊन राह्यलो’ म्हणजे आत्ता, या क्षणी. पोरगं यात कधीच चुकत नाही. मग सरळ जोडून द्या:

जातो: आय गो.
जाऊन राह्यलो: आय ॲम गोइंग.
जाऊन राह्यलो होतो: आय वॉज गोइंग.

‘राह्यलो’ ऐकू आलं की ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ दोन्ही हवेत, एक घेऊन चालत नाही. ‘जाऊन’ला जसं ‘राह्यलो’ लागतं, तसंच. ‘मी जाऊन’ एवढंच म्हटलं तर पोरं हसतात. ‘आय गोइंग’ हे नेमकं तितकंच अर्धवट आहे, हे त्यांना एका वाक्यात पटतं. वर्गात ‘राहून राह्यलं’ बोलू न देणाऱ्या शाळा या एका कामासाठी तरी तो नियम सोडतील तर बरं.

ही युक्ती जिथे मोडते ती जागाही सांगितली पाहिजे. आपण ‘मला समजून नाही राह्यलं’, ‘तुले दिसून नाही राह्यलं काय?’ असंही म्हणतो. त्यावरून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आर यू नॉट सीइंग?’ तयार होतं. म्हणून नो (माहीत असणं), अंडरस्टँड, सी, हिअर, वॉन्ट, लाइक या सहा शब्दांची पट्टी भिंतीवर वेगळी लावा: यांना ‘राह्यलं’ चालत नाही. मोठ्या वर्गात याचे अपवाद निघतील, आठवीपर्यंत एवढं पुरे.

‘एस’च्या मागे किती लागायचं

‘मराठीत असं काही नसतं, म्हणून पोरं एस विसरतात’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मराठी क्रियापद तर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त रूपं बदलतं. ‘एस’ सुटतो कारण तो ऐकू येत नाही आणि त्याच्यावाचून अर्थ अडत नाही. ‘शी’ म्हटलं की कोण ते कळलंच. हायडी ड्युले आणि मरिना बर्ट या संशोधकांनी १९७४ साली अमेरिकेत स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांचं इंग्रजी तपासलं, तेव्हा दोन्ही गटांत ‘आयएनजी’ लवकर आणि हा ‘एस’ उशिरा आलेला दिसला. घरची भाषा कोणतीही असो, तो उशिराच येतो.

म्हणून पाचवी-सहावीत बोलताना ‘एस’ सुटला तर सोडून द्या. सातवी-आठवीत तो फक्त लिहून झाल्यावरच्या तपासणीत घ्या. पोरांनी पूर्ण उतारा परत वाचायचा नाही, फक्त क्रियापदांखाली पेन्सिलनं ठिपका द्यायचा आणि प्रत्येक ठिपक्याला विचारायचं: एकटा आहे का, मी-तू सोडून आहे का, रोजचं आहे का? तिन्ही हो, तर ‘एस’. दहा ओळींच्या निबंधाला तीन मिनिटं लागतात.

‘डिडन्ट वेंट’, ‘डज शी गोज’

नियम अर्धा कळल्याची ही चूक. भूतकाळ दाखवायचा हे पोराला कळलं आहे, पण तो दोनदा दाखवला. कागदाची एक टोपी करा. चार पोरं समोर उभी करा: ‘ही’, ‘वेंट’, ‘टू’, ‘आर्वी’. टोपी ‘वेंट’च्या डोक्यावर, कारण भूतकाळ त्याच्याकडे आहे. आता ‘डिडन्ट’ नावाचं पाचवं पोरगं मध्ये घुसतं आणि टोपी काढून स्वतः घालतं. टोपी गेली की ‘वेंट’नं आपली चिठ्ठी उलटायची, मागे ‘गो’ लिहिलेलं. टोपी एकच, डोकं एकच. ‘डज’ आला की तसाच ‘गोज’चा ‘एस’ घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या न देता फक्त टोपी हातात धरून दाखवली तरी पोरं वाक्य दुरुस्त करतात, आणि पुढे कित्येक दिवस नुसतं डोक्याला हात लावला तरी पुरतं.

प्रश्नाचा क्रमही असाच उभ्या पोरांवर सुटतो. मराठीत ‘तू कुठे चालला’ विचारताना शब्द जागा बदलत नाहीत, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ येतं. ‘यू’ आणि ‘आर’ यांना एकमेकांची जागा घ्यायला लावा, झालं.

याच वर्गातलं आणखी एक: ‘वेंट’ नीट येणारं पोरगं ‘ईडी’ शिकल्यावर एकदम ‘गोएड’, ‘ईटेड’ म्हणू लागतं. गुरुजींना वाटतं मागे गेलं. ते पुढे गेलेलं असतं. आधी ‘वेंट’ पाठ होतं, आता नियम सापडला आहे आणि तो सगळीकडे लावून पाहणं चालू आहे. इथे रागावलात तर नियम लावून पाहण्याची हिंमतच जाते. तुम्ही बोलताना ‘वेंट’, ‘एट’ म्हणत राहा, बाकी सोडा.

‘माय नियर टू बुल इज’ आणि ‘माय फादर आर फार्मर’

पहिलं वाक्य ‘माह्याजोळ दोन बैल हायत’चं शब्दशः रूप. मराठीत ‘हॅव’ नाही. आपण ‘माझ्याजवळ आहे’, ‘मला आहे’, ‘माझ्याकडे आहे’ म्हणतो. म्हणून भाषांतर करून शिकवलं की ही चूक होणारच. ‘आय हॅव’ हा अख्खा तुकडा द्या आणि मराठी मध्ये येऊच देऊ नका. घरची मोजदाद घ्या: किती बकऱ्या, किती कोंबड्या, किती बहिणी, सायकल आहे का, ताप आहे का. एकेका पोराकडून पाच वाक्यं. मग शेजाऱ्याची मोजदाद: ‘शी हॅज थ्री गोट्स.’

दुसरं वाक्य मात्र पोराचे संस्कार दाखवतं. ‘माझे वडील शेतकरी आहेत.’ मराठीत मोठ्यांना बहुवचन लागतं, म्हणून ‘फादर’पुढे ‘आर’, आणि पुढच्या वाक्यात सरांना ‘दे’. ‘इज’ हवं असं नुसतं सांगितलं तर पोरं संकोचतात, वडिलांना ‘अरे-तुरे’ केल्यासारखं वाटतं. एकदाच स्पष्ट सांगा: इंग्रजीत मान क्रियापदातून देत नाहीत, ‘सर’, ‘मॅडम’ अशा शब्दांतून देतात. जिल्हाधिकारीही ‘ही इज’ किंवा ‘शी इज’. हे कळलं की चूक बऱ्यापैकी लवकर जाते.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’चं काय? मराठीत यांना थेट जोड नाही आणि यांचे नियम आठवीपर्यंत समजावण्यात अर्थ नाही. ‘अ फार्मर’, ‘अ वेल’, ‘ॲन ऑक्स’ असा शब्दच जोडून शिकवा. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’साठी सुरुवातीचा ‘स्स्स’ सापासारखा लांबवून घ्या. ‘म्यान’, ‘क्याट’ला अर्थ अडेपर्यंत हात लावू नका.

बोलताना कसं टोकायचं

पोरगी: ‘यस्टरडे आय गो टू आर्वी.’
गुरुजी: ‘यू वेंट टू आर्वी? व्हेरी गुड!’
पोरगी: ‘यस सर.’

गुरुजींच्या मते सुधारणा झाली. पोरीच्या मते गुरुजींना बातमी आवडली. ती ‘गो’ घेऊनच खाली बसली. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी कॅनडात प्राथमिक शाळेतल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच मोजलं. १९९७ सालच्या त्यांच्या नोंदीत शिक्षकांच्या सुधारणांपैकी ५५ टक्के अशा, हळूच बरोबर वाक्य म्हणून टाकण्याच्या होत्या, आणि त्यांना मुलांकडून काही प्रतिसाद आला तो ३१ टक्के वेळा. उलट, उत्तर मुलाकडूनच काढून घेतलं तिथे दर वेळी प्रतिसाद आला. प्रतिसाद आला म्हणजे शिकलं असं नव्हे, पण ऐकूच न गेलेली सुधारणा रुजणार कुठून?

काढून घ्यायचं ते असं. चुकलेल्या शब्दाच्या अलीकडेपर्यंतचं वाक्य तुम्ही म्हणा: ‘यस्टरडे आय…’ आणि थांबा. अंगठा खांद्यावरून मागे दाखवा, म्हणजे मागचा काळ. मग मनात ‘एक बैल, दोन बैल’ करत पाच बैल मोजा. हे पाच बैल फार लांब वाटतात, वर्ग चुळबुळतो, पुढच्या बाकावरचा हुशार हात वर करून ‘सर, सर’ करतो. तरी मोजा. नाही आलं तर दोन पर्याय: ‘वेंट की गो?’ बरोबर पर्याय कधी आधी, कधी नंतर ठेवा. पोरं ‘नेहमी दुसरा’ हे लगेच हेरतात. तरी नाही आलं तर सांगून टाका, एकदा म्हणवून घ्या, आणि दोन-तीन मिनिटांनी त्याच पोरीला वेगळं वाक्य विचारा: ‘परवा बाजारात कोण गेलं?’ ही शेवटची पायरी सुटते आणि मग वरची सगळी मेहनत वाया जाते.

शब्द गाळला असेल तर बोटं वापरा. डाव्या हाताचं एकेक बोट म्हणजे एकेक शब्द: शी, इज, गोइंग. ‘शी गोइंग’ आलं की मधलं बोट चिमटीत धरा. काही बोलायची गरज नाही.

पण जे शिकवलंच नाही ते असं काढून घेता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोनदा खुणावूनही पोरगं कोरं राहिलं तर ते टोकणं थांबवा. तो मुद्दा शिकवण्याच्या यादीत टाका.

पोरगं काही सांगण्यात रंगलं असेल, बोकड विहिरीत पडल्याची गोष्ट सांगत असेल, तर मध्ये टोकू नका. अर्थ अडला तरच विचारा. चूक चिठ्ठीवर टिपा, शेवटची पाच मिनिटं ठेवा, नाव न घेता दोन वाक्यं घ्या. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू-मद्रासकडच्या शाळांत जो प्रयोग केला, त्यातही काम मुख्य आणि सुधारणा जाता-जाता अशीच रीत होती.

‘चुकला, चुकला’ असा गिल्ला होणाऱ्या वर्गात कोणतीही रीत चालत नाही. आणि वर्गानं एका सुरात उत्तर दिलं तर चूक ऐकूच येत नाही. चाळीसांत दहा पोरं बरोबर बोलली की आवाज बरोबरच वाटतो. त्यामुळे आधी ‘बाजूच्याले सांग’, एक मिनिट, आणि मग एकेकाला. एकदा बोलून झालेलं वाक्य पोरगं उभं राहून बोलायला कमी घाबरतं.

वह्या

छत्तीस वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर एकशे आठ मिनिटं. कोणाकडेही एवढा वेळ नाही, म्हणून घाईत सगळं लाल होतं आणि पोरगं फक्त खालचा शेरा वाचतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली लिखाणातल्या व्याकरण-दुरुस्त्या निरुपयोगी आहेत असंच म्हटलं होतं. त्यावर पुष्कळ वाद झाला. सगळं तपासण्यापेक्षा एकदोनच गोष्टी धरून केलेली तपासणी उपयोगी पडते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

पंधरा दिवस एकच खूण. ‘का’ म्हणजे काळ, ‘क्र’ म्हणजे शब्दांचा क्रम, ‘ग’ म्हणजे शब्द गाळला, ‘जा’ म्हणजे जादा शब्द. पाचवी-सहावीत चुकलेल्या शब्दाखाली रेघ आणि वर खूण. सातवी-आठवीत खूण फक्त समासात, शब्द पोरानं शोधायचा. बरोबर उत्तर तुम्ही लिहायचं नाही. वहीला एक मिनिट लागतं. रोज नऊ वह्या, चार दिवसांत वर्ग होतो. वह्या परत दिल्या की तासाची पहिली आठ मिनिटं दुरुस्तीलाच. घरी करून आणा म्हटलं की होत नाही.

आता केंद्रप्रमुख किंवा पालक वही उघडतात आणि म्हणतात, इतक्या चुका तशाच? पानाच्या वर आधीच लिहून ठेवा: ‘या पंधरवड्यात फक्त काळ तपासला.’ तारीख टाका. प्रश्न येत नाही, आला तर उत्तर पानावरच आहे.

‘मले’ ही चूक नाही

मराठीच्या तासालाही हीच गल्लत होते. ‘मले’, ‘केयी’, ‘शाया’ हे चुकलेलं ‘मला’, ‘केळी’, ‘शाळा’ नाही. ती घरची बोली आहे. फळ्यावर दोन रकाने करा, घरची आणि पुस्तकाची, आणि एका रकान्यातून दुसऱ्यात न्यायला सांगा, दोन्ही दिशांनी. बोलताना टोकू नका, निबंधात पुस्तकाची मागा.

घरी कोरकू किंवा गोंडी असेल तर मराठी हीच दुसरी भाषा. कोरकू पोरगं ‘आई आला’ म्हणतं, कारण कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा व्याकरणाचा भेद नाही, सजीव-निर्जीव असा आहे. गोंडीत पुरुष एका गटात. बाई, गाय, बैल, झाड सगळे दुसऱ्या गटात. ‘आई स्त्री आहे ना, मग?’ हा प्रश्न त्या पोराला काहीच सांगत नाही. आई स्त्री आहे हे त्याला ठाऊक आहे, क्रियापदाचा त्याच्याशी संबंध काय हे ठाऊक नाही. नवीन शब्द नेहमी विशेषणासकट द्या: मोठा बैल, मोठी गाय, मोठं वासरू. नुसतं ‘बैल, गाय, वासरू’ कधीच नको. ‘मोठी’ जिभेवर बसली की ‘आली’ तिच्या मागून येते.

गेलेली चूक परत आली तर

दुरुस्त झाली असं वाटल्यावर दोन दिवसांनी, आठ दिवसांनी आणि तीन आठवड्यांनी तपासा. दर वेळी नवीन वाक्य, आणि दर वेळी बोलण्यात, कारण वहीत बरोबर आणि तोंडात चूक हे नेहमीचं आहे. दोन दिवसांतच परत आली तर निदान चुकलं. चुकांच्या वहीतला चौथा रकाना पुन्हा भरा. आठ दिवसांनी आली तर सराव कमी पडला, चिठ्ठ्या परत काढा. तीन आठवड्यांनी, बोलण्याच्या भरात एखादवेळी आली तर ती घसरण आहे, सोडा.

दिवाळीनंतर कापूस वेचणीत गेलेली पोरं पंधरा दिवस-महिन्यानं परत येतात, तेव्हा राहिलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकू नका. तीन दिवस फक्त चिठ्ठ्यांचा डबा आणि जोडीला नीट बोलणारा एक सोबती, मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं. चौथ्या दिवशी वही उघडा, आणि पोरं गेली त्या पंधरवड्यात जी खूण चालू होती तीच ठेवा.